जीमेलमध्ये अक्षर मोठं करताय? आधी हे बघा

पिशोरहून शहरातल्या व्यापाऱ्याला अद्रकचे दर मेल करायचेत. कॉम्प्युटरवर अक्षर बारीक वाटलं की आपण कंट्रोल आणि प्लस दाबतो. पण त्यानं फक्त आपल्या स्क्रीनवर मोठं दिसतं, समोरच्याला जातं ते आधीच्याच साइजचं!

पाठवायचं अक्षर मोठं करायचंय? मजकूर सिलेक्ट करा, कंट्रोल-शिफ्ट-प्लस दाबा. नाहीतर खालच्या पट्टीत स्मॉल, नॉर्मल, लार्ज, ह्यूज आहेतच. ह्यूज नकोच, दरपत्रक आहे, लग्नाचा बॅनर नाही. भाव आणि वजन तेवढं लार्ज करा.

कायमचं बदलायचं असेल तर सी ऑल सेटिंग्ज, जनरल, डिफॉल्ट टेक्स्ट स्टाइल. साइज निवडल्यावर पार तळाशी जाऊन सेव्ह चेंजेस दाबायचं, नाहीतर काहीच बदलत नाही.