भूल देणारे डॉक्टर आठवतात का?

ऑपरेशन कुणी केलं हे आपण वर्षानुवर्षं सांगतो. पण भूल कुणी दिली? बहुतेकांना नावही ठाऊक नसतं. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण भूलतज्ज्ञ भूल देऊन निघून जात नाही. शेवटचा टाका पडेपर्यंत तो उशाशीच असतो आणि आपला श्वास, रक्तदाब, ठोके सांभाळतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा 'टिक टिक' आवाज ऐकलाय? रक्तातला ऑक्सिजन घटला की तो सूर खाली उतरतो. त्यामुळे पडद्याकडे न बघताही कानाला कळतं!

ऑपरेशनआधीच्या दोन मिनिटांच्या भेटीतले भूलतज्ज्ञांचे प्रश्नही बघा. "दात हलतोय का?" कारण श्वासनलिकेत नळी घालताना तो निखळू शकतो. "शेवटचं कधी खाल्लंत?" कारण भुलेत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून "फक्त चहा-बिस्किट घेतलं" हेही लपवू नका.

या भुलेचा एक खास दिवसही आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. म्हणून हा दिवस जागतिक भूल दिन.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर जोरात घोरणं, चालू गोळ्या, आधी भुलेचा झालेला त्रास, सगळं भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. आणि हो, त्यांचं नावही विचारा.