उपनगरांतील तान्हीं मुलें

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत रोज सकाळीं एक उलटसुलट ये-जा चालते. इमारतींतील आई लोकल गाठून कचेरीस निघते, आणि तिचें मूल सांभाळावयास टेकडीच्या उतारावरील वस्तींतली दुसरी आई इमारतींत शिरते. या दुसऱ्या आईचें तान्हें दिवसभर कोणापाशीं असतें व काय खातें, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वाचकांस सहसा पडत नाहीं. तोच आज आम्ही त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

जन्मल्यावर तासाभरांत मुलास अंगावर घ्यावें, पहिला पिवळसर चीक टाकून देऊं नये, सहा महिने वरचें कांहीं, अगदीं पाणीसुद्धां, देऊं नये, व पुढें अंगावरचें दूध चालू ठेवून मऊ अन्न सुरू करावें, याविषयीं वैद्यांत आतां मतभेद उरलेला नाहीं. निरोगी मुलाचें जन्माचें वजन पांचव्या-सहाव्या महिन्यांत दुप्पट व वर्षाअखेर सुमारें तिप्पट होतें. लांबी अदमासें 50 सेंटिमीटरांवरून 75 वर जाते. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची मागाहून भरून निघणें फार कठीण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा 35.2 मुलें वयाच्या मानानें खुजीं भरलीं. खुजें मूल खेळतें, हसतें, आजारी दिसत नाहीं. 'आमच्यांत सगळेच ठेंगणे' म्हणून घरचीं माणसें निश्चिंत राहतात, आणि खरा घात येथेंच होतो. म्हणून अंगणवाडींतील तक्त्यावर वजनाची रेघ वर न चढतां आडवी झाली, कीं त्याच महिन्यांत दवाखाना गांठला पाहिजे.

ती रेघ आडवी कां होते? आई कामावर गेली म्हणजे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जातें. पाणी घातलेलें पिशवींतलें दूध, चहांत बुडविलेलें बिस्कीट, पांच रुपयांचें खारट पाकीट, असा त्याचा दिवस सरतो. कोणी पदरमोड करून पावडरीचा डबा आणिला तर तो महिनाभर पुरावा म्हणून चमचे कमी घालितात. पोट फुगतें, अंग भरत नाहीं. जेथें नळ तास-दीड तास येतो तेथें बाटली उकळून घेणार कोण? मग जुलाब लागतात, आणि कमावलेलें वजन आठवड्यांत उतरतें. नाचणीची पेज, तुपाचा थेंब घातलेला वरणभात, कुस्करलेलें केळें, अंडें, यांतलें कांहींच या स्त्रियांस अपरिचित नाहीं. त्यांच्यापाशीं नाहीं तो वेळ.

ही गोष्ट मुंबईस नवी नव्हे. गिरणींतल्या बाया तान्ह्यांस अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात, हें 1922 सालीं सरकारनें नेमलेल्या लेडी डॉक्टरच्या अहवालांत नमूद आहे. त्यानंतर 1928 सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत प्रसूतिभत्त्याच्या बिलाची बाजू उचलून धरली, व 1929 सालीं तो कायदा झाला. पुढें 2017 च्या दुरुस्तीनें पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि तीच मुदत आहे. परंतु जिच्या जिवावर इमारतींतील आई ही रजा संपतांच निर्धास्तपणें कामावर रुजू होते, त्या घरकाम करणाऱ्या बाईस या रजेचा एक दिवसहि लागू नाहीं. दुसरी बाई ठेविली म्हणजे मालकिणीपुरता प्रश्न मिटतो.

आमच्या व्यापारी वाचकांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. 1992 च्या व 2003 सालीं दुरुस्त झालेल्या कायद्यानें दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करणें, मोफत नमुने वाटणें, विक्री वाढावी म्हणून कमिशन देणें हा गुन्हा ठरला आहे. गल्ल्याजवळ डब्यांची आरास मांडणाऱ्या दुकानदारानें तो एकदां वाचून पाहावा. इमारतींतील मुलेंहि यांतून सुटलेलीं नाहींत. दोन वर्षांचें पोर दिवसभर बाटलीनें दूधच पितें, जेवणास तोंड लावीत नाहीं, आणि गुबगुबीत दिसूनहि रक्तानें फिकें असतें. श्रीमंतीच्या या रोगाबद्दल पुन्हां कधीं लिहूं.

सरकारनें करावयाचें तें मागत राहिलेंच पाहिजे. पण एक गोष्ट उद्यां सकाळपासून होण्यासारखी आहे. स्वच्छ हातांनीं काढलेलें अंगावरचें दूध झांकणाच्या भांड्यांत शीतकपाटांत तीन-चार दिवस टिकतें, व वाटी-चमच्यानें कोणासहि तें पाजतां येतें. शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं 1989 सालीं मातृदुग्धपेढीच उभी केली; दुसऱ्या आईचें दूध पिऊन तेथें अपुऱ्या दिवसांचीं मुलें जगलीं आहेत. तेव्हां घरकामाच्या बाईस दुपारीं अर्धा तास, दार लागेल अशी एक खोली, आणि आपल्या शीतकपाटांत एका वाटीपुरती जागा द्यावयास घरमालकिणीस अडचण कोणती? जागेची म्हणाल तर ती खरी नव्हे. आमच्या कांहीं घरांत या बाईचा कप अद्याप वेगळा ठेवितात, आणि तिची वाटी आंत ठेवावयास हात मागें येईल तो त्याच संवयीनें.