नामपट्टीवरचा ‘एम’ मिलिटरीचा नव्हे

जुन्या अमेरिकी लष्करी चाचणी उपकरणाची ओळख पटवताना बहुतेक जण आधी कारखान्याचे नाव शोधतात. तिथेच चकवा बसतो. एकच आराखडा अनेक कंत्राटदारांकडून बनवून घेतला जाई. दुसऱ्या महायुद्धातला बीसी-२२१ हा फ्रिक्वेन्सी मीटर बेंडिक्सने बनवला तसा फिल्कोनेही. खरी ओळख नामपट्टीवरच्या संज्ञेत असते.

ही संज्ञा म्हणजे कसाही दिलेला मॉडेल क्रमांक, असेही समजले जाते. प्रत्यक्षात १९४३ मध्ये आलेल्या ‘एएन’ पद्धतीत तिरप्या रेषेनंतरची तीन अक्षरे उपकरण कुठे वापरायचे, ते कोणत्या प्रकारचे आणि कशासाठी, हे क्रमाने सांगतात. एएन/यूआरएम-२५डी घ्या. ‘यू’ म्हणजे जमीन, जहाज, विमान असा सर्वसाधारण वापर, ‘आर’ म्हणजे रेडिओ, आणि ‘एम’ म्हणजे देखभाल व चाचणी. या ‘एम’ला मिलिटरी समजले की सर्वात कामाचा धागा हातून सुटतो: तिसऱ्या जागी तो दिसला तर समोरची वस्तू रेडिओ नसून रेडिओ तपासण्याचे साधन आहे. इथे तो सिग्नल जनरेटर. २५ हा अनुक्रमांक, ‘डी’ ही सुधारित आवृत्ती. ‘एएन’चा उगम आर्मी-नेव्हीत आहे खरा, पण दोन्ही दलांनी ते उपकरण वापरलेच, असे त्यावरून ठरत नाही.

सुटे घटक निराळ्या अक्षरांनी सुरू होतात. टीएस-३५२/यू मधला ‘टीएस’ म्हणजे टेस्ट सेट. तो मल्टीमीटर आहे. बीसी-२२१ हे नाव त्याआधीच्या सिग्नल कोअरच्या पद्धतीतले, आणि एससीआर-२११ या पूर्ण संचाचा तो एक भाग. त्याच्यासोबतची कॅलिब्रेशन पुस्तिका कोणतीही चालते, हा समज महागात पडतो: प्रत्येक पुस्तिका एकाच यंत्रासाठी मोजून तयार केलेली असे, म्हणून दोन्हींवरचे अनुक्रमांक जुळावे लागतात.

पट्टीवरचा साठा क्रमांकही बोलका असतो. ६६२५ ने सुरुवात म्हणजे विद्युत व इलेक्ट्रॉनिक मापन-चाचणी उपकरणांचा वर्ग. एकूण ११ अंक असतील तर क्रमांक जुन्या पद्धतीतला. १९७४ पासून देशाचे दोन अंक वाढून ते १३ झाले. कंत्राट क्रमांकातले साल मात्र मागणी नोंदवल्याचे, उत्पादनाचे नव्हे.

ओळख पटली म्हणून लगेच वीज जोडणेही चूकच. विमानासाठीची काही उपकरणे ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झवर चालतात. फक्त ४०० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर तापून जळतो.