जॅक ॲनिमाम: बंगळुरूने पाहिलेली एक कारकीर्द

सप्टेंबर २०१९ मध्ये बंगळुरूच्या श्री कंठीरवा इनडोअर स्टेडियमवर महिलांची आशिया कप बास्केटबॉल स्पर्धा झाली. यजमान भारताची फिलिपिन्सशी गाठ पडली, तेव्हा आशियाई संघांच्या दोन गटांपैकी वरच्या गटातली जागा पणाला लागली होती. भारताने झुंज दिली, पण सामना फिलिपिन्सने ९२-७८ असा जिंकला. त्या संघाची सेंटर होती जॅक डॅनिएल ॲनिमाम. उंची सहा फूट पाच इंच आणि वय अजून एकवीसही पूर्ण नाही. पुढच्या चार वर्षांत ही मुलगी तैवान, सर्बिया आणि चीनमध्ये खेळली, गुडघा मोडून घरी परतली आणि पुन्हा मैदानात उतरली. तिच्या कारकिर्दीचा मागोवा घेताना आपल्या मुलींच्या बास्केटबॉलविषयीही बरेच काही कळते.

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना तिची वाटचाल परकी वाटत नाही. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव सोडून आम्ही इथे आलो, कारण आमच्या शिक्षणाला इथे काम आणि पगार होता. जॅकनेही हेच केले. ती जिथे वाढली, तिथे बास्केटबॉलवर जीव टाकणारी माणसे गल्लोगल्ली होती, पण बाईला त्या खेळावर पोट भरता येईल अशी लीग नव्हती.

तिचा जन्म १९९८ चा, मनिलाच्या उत्तरेकडच्या बुलाकान प्रांतातल्या मालोलोस शहरातला. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल अमेरिकी राजवटीत आला आणि तिथलाच होऊन गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा देश पाचवा आला, १९५४ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. १९७५ मध्ये तिथे आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. वस्तीवस्तीत, चर्चच्या अंगणात, अरुंद गल्लीच्या टोकाला रिंग टांगलेली दिसते. आपल्याकडे हा खेळ वायएमसीएच्या वाटेने आला. मुंबईच्या नागपाड्याने तो मनापासून जपला आणि तिथून अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा कर्णधार देशाला मिळाला. पण नागपाडे आपल्याकडे फार थोडी झाली. ऑलिंपिकमध्ये आपला पुरुष संघ एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोत. महिला संघ तिथवर अजून पोहोचलेला नाही.

फिलिपिन्सची ती १९७५ ची लीग मात्र पुरुषांची होती. तिथल्या महिलांच्या लीगला व्यावसायिक दर्जा मिळायला २०२० उजाडावे लागले. तोवर चांगल्या खेळाडू मुलीसमोर एकच मोठा रंगमंच होता, विद्यापीठांची स्पर्धा. जॅक त्या वाटेने गेली.

मनिलातल्या आठ विद्यापीठांची ही स्पर्धा, यूएएपी, आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांसारखी काही दिवसांत आटोपत नाही. प्रत्येक संघ उरलेल्या सातही संघांशी दोनदा खेळतो. म्हणजे चौदा सामने ठरलेलेच, आणि पुढे बाद फेरी. जॅक २०१५ मध्ये नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संघात आली आणि २०१९ पर्यंत पाच हंगाम खेळली. पाचही वर्षे विजेतेपद याच संघाकडे राहिले आणि तो एकही सामना हरला नाही. सलग ८० विजय. तिच्या आधीचा अपराजित हंगाम धरला, तर संघाची मालिका ९६ सामन्यांवर पोहोचली होती.

हा आकडा थक्क करणारा आहे, पण त्यामागची व्यवस्था जास्त मोलाची आहे. नॅशनल युनिव्हर्सिटीचे प्रशिक्षक पॅट्रिक अक्विनो हेच राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. विद्यापीठात घोटून घेतलेल्या चाली, तोच बचाव आणि एकमेकींच्या खेळाची सवय घेऊन मुली थेट देशासाठी उतरत. बास्केटखाली जॅक असेल, तर चेंडू कुठे आणि केव्हा द्यायचा हे बाहेरून नेम धरणाऱ्या मुलींना पाठ होते. आठ-दहा आठवड्यांच्या शिबिरातून अशी समज येत नाही. त्यासाठी बरोबर खेळण्यात वर्षे जावी लागतात.

या काळात फिलिपिन्स आणि भारत यांची गणिते उलटी फिरत होती. २०१५ ची वुहानची आशियाई स्पर्धा झाल्यावर फिलिपिन्स वरच्या गटात गेला आणि भारत खाली घसरला. दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, दोन्ही गटांची स्पर्धा बंगळुरूतच भरली. तेव्हा मेट्रो आमच्या भागात नव्हती. होसूर रस्त्याचा उड्डाणपूल उतरून सिल्क बोर्डच्या कोंडीतून कंठीरवा गाठावे लागे. तिथे जे घडले, ते त्या कोंडीत अडकण्याच्या मोलाचे होते. खालच्या गटाच्या अंतिम सामन्यात अनिता पॉलदुराईच्या नेतृत्वाखाली भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या गटात परत जागा मिळवली. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. वरच्या गटाची अंतिम लढत जपानने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७४-७३ अशी, एका गुणाने जिंकली. फिलिपिन्सने आपली जागा राखली.

म्हणून २०१९ च्या त्या सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबरमध्ये, फिलिपिन्समध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. फिलिपिन्सच्या पुरुष संघाने या स्पर्धेत सुवर्णपदकांची रास लावली आहे, महिलांना मात्र ते कधीच मिळाले नव्हते. थायलंडला ९१-७१ असे हरवून त्यांनी ते पहिल्यांदा जिंकले. तीन विरुद्ध तीनच्या प्रकारातही सुवर्णपदक त्यांचेच. दोन्ही संघांत जॅक होती.

विद्यापीठातली वर्षे संपल्यावर काय, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. तिने देश सोडला. तैवानच्या शिह सिन विद्यापीठात पुढचे शिक्षण घेत ती तिथल्या संघातून खेळली आणि २०२१ मध्ये त्या संघाने विद्यापीठ विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी सर्बियातल्या क्रागुयेवात्सच्या राद्निच्की क्लबने तिच्याशी करार केला. युरोपातल्या व्यावसायिक लीगमध्ये पाय ठेवणाऱ्या अगदी मोजक्या फिलिपिनो महिलांपैकी ती एक ठरली.

सर्बियात पहिला सामना खेळण्याआधी ती जॉर्डनमध्ये अम्मानला आशिया कप खेळली. बंगळुरूतल्या पराभवानंतरही भारत वरच्या गटातच होता. तिथे टिकण्याची त्याला आणखी एक संधी मिळाली होती आणि पुन्हा निर्णायक सामना फिलिपिन्सशीच. यावेळी अंतर फक्त चार गुणांचे राहिले, ७४-७०. भारत खालच्या गटात गेला. बंगळुरूत चौदा गुणांनी गमावलेला सामना दोन वर्षांत चारवर आणणाऱ्या मुलींचे कौतुक आपल्याकडे फार कमी जणांनी केले, याची मला आजही खंत वाटते.

जानेवारी २०२२ मध्ये सर्बियात जॅकच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. उंच खेळाडूच्या गुडघ्याला ही दुखापत झाली की शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने चालण्यापासून सुरुवात. मे महिन्यात व्हिएतनाममधल्या आग्नेय आशियाई स्पर्धेला ती मुकली. पण फिलिपिन्सच्या मुलींनी तिच्याविना सुवर्णपदक राखले. तिच्या कारकिर्दीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ती नसताना घडली आहे. एका खेळाडूवर उभा असलेला संघ त्या खेळाडूबरोबर कोसळतो. हा संघ कोसळला नाही, कारण मागे दरवर्षी चौदा सामने खेळणाऱ्या विद्यापीठांची फळी होती. २०२३ मध्ये जॅक राष्ट्रीय संघात परतली, सिडनीच्या आशिया कपमध्ये फिलिपिन्स सहावा आला आणि तिने चीनच्या लीगमध्ये वुहानच्या क्लबशी करार केला.

आता आपल्याकडे पाहू. गुणवत्ता आपल्याकडे नाही, हे मला मान्य नाही. केरळच्या गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात क्लबसाठी खेळल्या आणि २०११ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले होते. शिरीन लिमये हांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताची कर्णधार होती. २०२३ च्या मे महिन्यात आग्नेय आशियाई सुवर्णपदक फिलिपिन्सला मागे टाकून इंडोनेशियाने जिंकले होते. शिरीनच्या संघाने सप्टेंबरमध्ये त्याच इंडोनेशियाला हरवले, मंगोलियाला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. म्हणजे आपण फार मागे नाही.

आपल्या मुलींना सांभाळले ते रेल्वेने. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे वरचढ राहिला, कारण नोकरी आणि सराव दोन्ही तिथे मिळाले. या उपकाराची जाणीव ठेवलीच पाहिजे. पण नोकरीने आयुष्य स्थिर होते, सामने वाढत नाहीत. राष्ट्रीय स्पर्धा, फेडरेशन कप, काही निमंत्रित स्पर्धा, मग शिबिर आणि परदेश दौरा, असे आपल्या खेळाडूचे वर्ष जाते. दर आठवड्याला तुल्यबळ संघाशी खेळून जे अंगात मुरते, ते त्यात मुरत नाही. अम्मानचे ते चार गुण माझ्या मते इथे गेले.

बंगळुरूने या खेळाला मैदान दिले, स्पर्धा दिल्या. एकेकाळी विजया बँकेसारख्या संस्थेने पुरुष खेळाडूंना नोकऱ्या देऊन नावाजलेला संघ घडवला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्या त्या बँकेपेक्षा कितीतरी श्रीमंत आहेत. त्यांनी महिला खेळाडूंना नोकऱ्या द्याव्यात, आपापसात हंगामभर चालणारी लीग भरवावी आणि आवारातली कोर्ट संध्याकाळी आसपासच्या शाळांतल्या मुलींना खुली करावीत. आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रो आपल्या दारात आली आहे. कंठीरवावर महिलांचा सामना असेल, तेव्हा मुलींना घेऊन जा आणि तिकीट काढून बसा. प्रेक्षक असतील तर लीग उभी राहील, आणि लीग असेल तर आपल्या मुलींना जॅकसारखा देश सोडावा लागणार नाही.