तमाशा सातला सुरू करा

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आई-बहिणीवरून जो शिवी देईल त्याला पाचशे रुपये दंड. बातमी देशभर झाली. शिवीची बातमी व्हायला वेळ लागत नाही. याच गावाने संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही असंही ठरवलं, त्याकडे मात्र बाहेरच्यांनी ओझरतंच पाहिलं. गावाला काळजी होती ती मुलांच्या अभ्यासाची. तरीही सोशल मीडियाच्या गलबल्यात कला कशी करायची आणि कशी पाहायची, याबद्दल गेल्या काही वर्षांत जे जे सुचवलं गेलं त्यात मला हा ठराव सर्वांत कामाचा वाटतो.

कारण बाकीचे सगळे सल्ले एकट्याला दिलेले असतात. नोटिफिकेशन बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आठवड्यातून एक दिवस मोबाइलचा उपास करा. म्हणजे एका बाजूला तबल्याचा रियाज करू पाहणारा श्रीरामपूरचा एखादा मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला त्याची नजर पडद्यावरून हलू नये म्हणून पगार घेणारी अभियंत्यांची फौज. बोट सरकवत राहिलं तरी पान संपतच नाही, ही युक्ती अमेरिकेतल्या एझा रास्किन यांनी २००६ मध्ये काढली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ मध्ये. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामचे रील्स हजर झाले. ग्लोरिया मार्क या अमेरिकी संशोधक माणसं एका पडद्यावर किती वेळ टिकतात, हे अनेक वर्षं मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटं भरत होती, अलीकडे ती ४७ सेकंदांवर आली. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी एवढ्या वेळात पुरं होत नाही. समेवर यायच्या आत श्रोता उठून गेलेला असतो, तोही जागचा न हलता.

अशा लढतीत निग्रहाचा उपदेश करणं मला थोडं निर्दयपणाचं वाटतं. शिवाय लक्ष एकट्याने राखायचं असतं, ही समजूतच मुळात नवी आहे. आपल्या नगर जिल्ह्याचा मागचा इतिहास पाहिला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच), तर लक्ष नेहमी कोणी ना कोणी मिळून राखलेलं दिसतं.

सौंदाळ्याच्याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सांगणारा आजच्या हिशेबाने दहावी-अकरावीतला मुलगा. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. समोर गुरू निवृत्तिनाथ आणि श्रोते. नऊ हजारांच्या आसपास ओव्या. ग्रंथभर ज्ञानदेव श्रोत्यांशी बोलत राहतात, त्यांची मनधरणी करतात, मध्येच त्यांची थोरवी गातात. नववा अध्याय तर सुरूच होतो तो त्यांच्याकडे अवधान मागत. एवढ्या प्रतिभेच्या माणसालाही ऐकणाऱ्याचं लक्ष गृहीत धरावंसं वाटलं नाही, ते त्याने मागून घेतलं. आणि बोललेलं उतरवून घेणारा एक हात त्याच्याजवळ होता. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली असं मानतात तो नेवाशाचा खांब पाहायला गेलं की सगळे ज्ञानदेवांविषयी बोलतात. सच्चिदानंदबाबांविषयीही बोलायला हवं.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात लक्ष राखलं गेलं ते सक्तीने. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले गेले. सुरुवातीचे काही आठवडे तर वर्तमानपत्रही आत येऊ दिलं जात नव्हतं. ज्यांचा सारा दिवस बातम्या, तारा आणि सभांत जायचा, त्यांचा जगाशी संबंध एका झटक्यात तुटला. पुढच्या अडीच वर्षांत या आवारात काय काय लिहिलं गेलं पाहा. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हाताने लिहून काढलं. पट्टाभी सीतारामय्यांनी ‘फेदर्स अँड स्टोन्स’ लिहिलं. हरेकृष्ण महताबांनी ओडिशाच्या इतिहासाचं काम केलं. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रं लिहिली. ती ज्यांच्या नावे होती त्यांना तेव्हा पाठवता येत नव्हती, तरी लिहिली. त्यांत पहाटेच्या चहाचं वर्णन आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या झगड्याची आणि मग मैत्रीची गोष्ट आहे, शेवटी संगीतावर आणि तरुणपणी शिकलेल्या सतारीवर लिहिलेलं एक लांब पत्र आहे. पोचपावती येणार नाही, कोणी वाहवा करणार नाही, हे ठाऊक असूनही माणूस चिमणीवर पानंच्या पानं लिहितो. लाइकच्या काळात ही पत्रं मुद्दाम वाचावीत. मात्र तुरुंगाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. आझाद याच किल्ल्यात असताना १९४३ मध्ये त्यांची पत्नी वारली आणि त्यांना तिचं शेवटचं दर्शनही घडलं नाही. कैदेतून ग्रंथ निघतात म्हणून कैद चांगली ठरत नाही.

स्वखुशीने राखलेलं मौन पाहायचं तर शहराजवळच्या अरणगावला, मेहेराबादेत जावं. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. तिथल्या समाधीच्या घुमटात आतून भित्तिचित्रं आहेत. ती हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये काढली. युरोपातली एक चित्रकर्ती नगरच्या माळावर येऊन, न बोलणाऱ्या माणसाच्या आश्रमात भिंती रंगवते, हे नगरमधल्याही फार थोड्यांना माहीत असेल.

पण सोशल मीडियाचा घाव नेमका कुठे बसला हे पाहायचं तर संगमनेरकडे वळायला हवं, कारण तमाशाचा मोठा वारसा तिथला आहे. हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचं गाव. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पठ्ठे बापूरावांबरोबरच्या त्यांच्या जोडीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. कांताबाई सातारकर आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांचा फड संगमनेरचा. मे २०२१ मध्ये कांताबाई गेल्या. त्याच्या कितीतरी आधी शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) याच गावचा.

ज्यांनी पुरा तमाशा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी गण, म्हणजे गणेशाला नमन. मग गौळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि पेंद्या. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्या आणि सरदार यांचा शब्दाला शब्द भिडवणारा हजरजबाबीपणा. मग रंगबाजी, तीत लावण्या. आणि सर्वांत शेवटी वग, म्हणजे अख्खं नाटक. राजा, प्रधान, गरीब, सावकार, अन्याय, फजिती, निवाडा, सगळं त्यात. आधीचा सारा खेळ प्रेक्षकाला या वगापर्यंत आणून बसवण्यासाठी असतो. वगातला सोंगाड्याचा विनोद तर असा, की अर्ध्या तासापूर्वी पेरलेलं वाक्य आत्ता फुटतं. आधी लक्ष दिलं असेल त्यालाच हसू येतं.

आता यातलं रीलमध्ये काय मावतं? लावणीची तीस सेकंदं मावतात. बतावणीतला एखादा टोला मावतो, तोही शक्यतो कमरेखालचा. वग मावत नाही. मग फोनवर फिरते ती लावणीच, लोक मागतात ती लावणीच, आणि फडाला पोट असल्यामुळे फड तीच वाढवतो. यात्रेच्या गर्दीत समोरून शेकडो फोन उंचावलेले असतात. पूर्वी चांगल्या ओळीला टाळी यायची, शिट्टी यायची, फेटा उडायचा. फोन धरलेल्या हाताने टाळी देता येत नाही. बोर्डावरच्या माणसाला आपला टोला लागला की हुकला हेच कळेनासं होतं. कलावंताचा पगार कमी आहे, तंबूचा खर्च वाढला आहे, हे आपण ऐकतो. त्याचा श्रोताही कमी झाला आहे, समोर बसलेला असूनही, हे क्वचित बोललं जातं.

सगळं पाप फोनच्या माथी मारणंही खरं नाही. सिनेमाची गाणी तमाशात घुसली तेव्हा मोबाइल नव्हता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाला, काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. तमाशा रात्री उशिरा सुरू व्हायचा, म्हणजे कात्री चालली ती शेवटच्या वगावरच. आणि करमणूक उथळ झाली ही तक्रार तर या मातीत फार जुनी आहे. जिल्ह्याला आज ज्यांचं नाव आहे त्या, चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनीच अनंत फंदीला तमाशावरून बोल लावला आणि त्याने डफ टाकून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. म्हणून मी ‘पूर्वीचे रसिक, आताचे टवाळ’ असं म्हणणार नाही. पूर्वी टवाळालाही वग संपेपर्यंत बसावं लागायचं, एवढाच फरक आहे. उठून जायला दुसरं ठिकाण नव्हतं. आता ते खिशात आहे.

दुसरी बाजूही याच जिल्ह्यात सापडते. सारोळा कासारच्या सुमन धामणे म्हणजे यूट्यूबवरच्या ‘आपली आजी’. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी नातवाच्या मदतीने २०२० मध्ये चुलीवरचा आणि पाट्यावरवंट्यावरचा स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली आणि दहा लाखांहून जास्त लोक त्यांचे वर्गणीदार झाले. कारल्याची भाजी शिकवणं ही कला आहे की नाही, यावर वाद घालणाऱ्यांनी ती आधी करून पाहावी. फोन नसता तर ही हातोटी सारोळ्याच्या वेशीबाहेर गेली नसती. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत होते तेव्हा त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वेळी कॅमेरा मिळवणं हेच मोठं काम असे. आज कर्जत-जामखेडच्या प्रत्येक पोराच्या हातात तो आहे. गंमत म्हणजे ‘सैराट’ आला एप्रिल २०१६ मध्ये आणि जिओ आलं त्याच वर्षी सप्टेंबरात. थिएटरात गावंच्या गावं एकत्र नाचल्याची ती आठवण स्वस्त डेटाच्या अगदी उंबरठ्यावरची आहे.

तेव्हा फोन कला पोचवतो, यात शंका नाही. पण कला घडते त्या आणि पाहिली जाते त्या तासांत तो आड येतो. अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. संग्रहालयात काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने पाहिलं म्हणजे आपण पाहिलं, असं मन धरून चालतं. मात्र एखाद्या बारकाव्यावर कॅमेरा जवळ नेला, तर हा तोटा दिसला नाही. म्हणजे यंत्र पाहण्याच्या आड येतंच असं नाही, घाई मात्र येते. आपल्याकडे चांदबीबी महालावर हे रोज घडतं. तो महाल चांदबीबीचा नाही, मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. तीन मजली, अष्टकोनी, दगडी. पाठ वास्तूकडे आणि तोंड फोनकडे करून उभ्या राहिलेल्यांना तिचे आठ कोन मोजायला कुठून सवड मिळणार?

याच निजामशाहीत १५६५ च्या सुमारास ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी झाली. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ती गणली जाते. तिची बारा चित्रं आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. त्यांत हुसेन निजामशहाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायूं होती. पुढे तिची सत्ता गेली आणि बऱ्याच चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली गेली. ती पुसलेली जागा पहिल्या नजरेत दिसत नाही. चित्रापुढे थांबलं की शहा कोणाशी तरी बोलतो आहे, पण समोर कोणी नाही, हे हळूहळू ध्यानात येतं.

थांबण्याची ही वेळ आणणार कोण? एकट्याला ते झेपत नाही, हे मी वर म्हटलंच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची रीत पाडली. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. सक्तीचं मला वावडं आहे आणि ग्रामसभेने घराघरांत डोकवावं असंही वाटत नाही. पण सगळ्यांचाच फोन बाजूला असला की कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही, हे त्या भोंग्याचं खरं बळ. त्या वेळात पेटी काढली, रंग काढले, तर शेजारी हसत नाही.

म्हणून गावोगावच्या यात्रा कमिट्यांना एक विनंती. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाची सुपारी द्यायला जाल, तेव्हा करारात तीन गोष्टी लिहून घ्या. खेळ संध्याकाळी सातला सुरू होईल, म्हणजे दहाच्या आत संपेल. वग पुरा होईल, कापलेला चालणार नाही. आणि वगाला सुरुवात होण्याआधी फडमालक माइकवरून फोन खिशात ठेवायला सांगेल आणि कमिटीचे लोक पहिल्या रांगेत बसून ते आधी स्वतः करतील. लावणीचं शूटिंग खुशाल करा.