ठाऊक असणे आणि तपासणे

समाजशास्त्रीय संशोधन म्हणजे सर्वांना ठाऊक असलेलीच गोष्ट जड शब्दांत सांगण्याचा उद्योग, हा समज सुशिक्षित मंडळींच्या तोंडून इतक्या वेळा व इतक्या निःशंकपणे ऐकावा लागतो, की त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे प्राप्त आहे.

खेड्यांतील उघड्यावरील शौचाचा प्रश्न घ्या. लोक दरिद्री आहेत, पाण्याचे दुर्भिक्ष आहे, संडास बांधून दिले की प्रश्न मिटेल, असे सर्वत्र गृहीत धरले गेले आणि त्या भरवशावर सरकारी तिजोरीतून अनुदाने मंजूर होत राहिली. परंतु डायन कॉफी, डीन स्पीअर्स प्रभृती संशोधकांनी बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील सुमारे 3,200 घरांची पाहणी केली आणि घरात संडास आहे काय, एवढ्यावर न थांबता घरातील प्रत्येक माणूस शौचास कोठे जातो हे विचारले, तेव्हा चालू स्थितीतील संडास असलेल्या घरांपैकी 40 टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक जण तरी बाहेरच जात असल्याचे आढळले. शंका असेल त्याने मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील त्यांचा 2014 सालचा लेख पाहावा.

कारण खड्ड्यात सापडले. दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. बंद ठेवलेल्या पहिल्याचे कालांतराने निरुपद्रवी खत होते व ते कोणासही उपसता येते. परंतु खड्डा उपसणे हे अस्पृश्य मानलेल्या जातींचेच काम, ही धारणा इतकी दृढ आहे, की खड्डा लवकर भरेल या धास्तीने कुटुंबे एक तर अवाढव्य खड्डा बांधू पाहतात, नाही तर लहान खड्ड्याचा संडास म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी व अडीअडचणीसाठी राखून ठेवतात. अडचण विटा-सिमेंटची नव्हे, जातीची आहे! हे आधीच ठाऊक होते म्हणणाऱ्यांनी ते योजनेच्या कागदावर का उतरवले नाही?

थोड्या घरांवरून लाखोंचे काय कळणार, हा दुसरा आक्षेप; यदृच्छया निवडलेल्या नमुन्यातील चुकीची मर्यादा गणिताने सांगता येते आणि 1950 पासूनची राष्ट्रीय नमुना पाहणी त्याच पायावर उभी आहे. समाजशास्त्र हे परदेशी खूळ आहे म्हणावे, तर मुंबई विद्यापीठात त्याचा विभाग 1919 सालीच निघाला.

पुढच्या ग्रामसभेत बांधलेल्या संडासांचा आकडा वाचला जाईल, तेव्हा वाचकहो, ते वापरतो कोण आणि खड्डा उपसणार कोण, हे दोन प्रश्न अवश्य विचारा.