माहुलीची वाट आणि फोनमधली रेघ

रविवारी पहाटेच्या आसनगाव किंवा कसारा लोकलमध्ये पाठीवर सॅक घेतलेली मंडळी ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला चढतात. त्यातली बरीच आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याचे गाव गाठतात. चढाईआधीचा एक विधी आता ठरून गेला आहे. फोन काढायचा, चालण्याची नोंद ठेवणारे ॲप उघडायचे, ‘स्टार्ट’ दाबायचे आणि फोन खिशात टाकायचा. दिवसभर तो खिशात बसून वाटेची रेघ ओढत राहतो, अशी समजूत असते.

संध्याकाळी रेघ पाहिली की मात्र काहीतरी बिनसलेले दिसते. कधी गावापासून थेट वरच्या लोखंडी शिडीपर्यंत कावळा उडत गेल्यासारखी सरळ रेषा असते. कधी दुपारपासून नकाशा अडकत अडकत चालतो आणि शेवटी ॲपच बंद पडते. कधी उतरणीला लागण्याआधीच बॅटरी दहा टक्क्यांवर येते. दोष बहुधा उपग्रहांच्या माथी मारला जातो, ‘डोंगरात जीपीएसला रेंज नसते.’

रेंज नसते ती मोबाइल टॉवरची. जीपीएसचे तीसेक उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात आणि फोन ते नुसते ऐकतो, उलट काही पाठवत नाही. त्याला लागते ते मोकळे आकाश. माहुलीच्या माथ्यावर ते घोडबंदर रोडवरच्या दोन टॉवरांमधल्या गल्लीपेक्षा कितीतरी अधिक मिळते. पावसाळ्यातल्या दाट झाडीत संदेश थोडा क्षीण होतो, कड्याच्या पोटाशी अर्धे आकाश झाकले जाते, हे खरे. पण तासभराची सरळ रेषा त्याने सहसा उमटत नाही. ती उमटते फोनच्या आतल्या कारभारामुळे.

फोनच्या दृष्टीने, पडदा काळा करून खिशात टाकलेले ॲप म्हणजे विनाकारण जागा असलेला पाहुणा. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून नियमच असा आहे की, मागे पडलेल्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा स्थान कळवायचे. ज्या ॲपला सलग नोंद हवी, त्याने वरच्या पट्टीत कायमची सूचना दाखवून ‘मी काम करतो आहे’ हे उघडपणे सांगायचे. वाट नोंदवणारी चांगली ॲप तसे करतात. पण फोन बनवणाऱ्यांची स्वतःची बॅटरी वाचवण्याची व्यवस्था वेगळी असते आणि ती अशा ॲपलाही झोपवू शकते. काही फोनमध्ये बॅटरी सेव्हर चालू असताना पडदा काळा झाला की स्थाननोंदच थांबते. म्हणजे लांबच्या ट्रेकला बॅटरी पुरावी म्हणून जो काळजीने हा पर्याय चालू करतो, नेमकी त्याचीच रेघ तुटते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या एका ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढून टाकणे, हा त्यावरचा साधा उपाय. तो घरीच करून, तलावपाळीला दोन फेऱ्या मारून तपासून घ्यावा. शिडीखाली उभे राहून सेटिंग शोधण्यात मजा नाही.

ॲप दुपारनंतर का रेंगाळते, याचे कारण वेगळे आहे आणि ते कागदावर हिशोब केल्याशिवाय लक्षात येत नाही. दर सेकंदाला एक बिंदू धरला तर आठ तासांच्या चालीत २८,८०० बिंदू जमतात. साठवायला हे काही फार नाही. जीपीएक्स नावाच्या प्रचलित पद्धतीने लिहिले तरी तीन-चार एमबी, म्हणजे एखाद्या फोटोएवढे. अडचण असते चित्राची. ढिसाळपणे लिहिलेले ॲप प्रत्येक नवा बिंदू आला की पहिल्या बिंदूपासून सगळी रेघ पुन्हा काढते. दहाव्या सेकंदाला दहा बिंदू, हजाराव्याला हजार, शेवटच्या सेकंदाला २८,८००. दिवसाची बेरीज ४१ कोटींहून अधिक होते. वहीत एक ओळ वाढली की आख्खी वही नव्याने उतरवून काढणाऱ्या कारकुनासारखे हे काम. सकाळी सुरळीत चाललेला फोन दुपारी तापतो आणि तापला की स्वतःहून मंदावतो. स्मृती अपुरी पडली तर ॲप बंद होते. त्यातही ज्या ॲपने सगळे बिंदू ‘स्टॉप’ दाबेपर्यंत नुसते स्मृतीत धरून ठेवलेले असतात, त्याच्याबरोबर आख्खा दिवस जातो. नीट लिहिलेले ॲप दर काही बिंदूंनी नोंद साठवणीत उतरवत जाते. मग ॲप बंद पडले तरी तोवरची वाट शिल्लक राहते.

याच ट्रेकला दर सेकंदाऐवजी पाच सेकंदांनी एक बिंदू घेतला तर बिंदू पाचपट कमी होतात, पण पुन्हा पुन्हा रेघ काढण्याचे काम पंचवीसपट कमी होते. दुसरा मार्ग नकाशा काढणाऱ्यांनी फार पूर्वी शोधून ठेवला आहे. १९७३ साली डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉयकर या कॅनडातल्या दोघांनी रेषा सुटसुटीत करण्याची एक रीत मांडली. वाटेच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणायचा. दोऱ्यापासून सर्वांत दूरचा बिंदू ठरलेल्या अंतरापलीकडे असेल तर तिथे टाचणी टोचून दोरा वळवायचा आणि दोन्ही तुकड्यांवर हेच पुन्हा करायचे. टाचणी न लागलेले बिंदू चित्रातून वगळायचे. सरळ वाटेवरचे शेकडो बिंदू गळतात, वळणे तशीच राहतात.

पण बिंदू कमी घेतले तर अंतर चुकेल, ही भीती असते. चालणाऱ्याच्या बाबतीत बऱ्याचदा उलटेच घडते. ताशी चार किलोमीटर वेगाने माणूस सेकंदाला जेमतेम १.१ मीटर सरकतो. मोकळ्या आकाशाखाली फोनची स्थाननिश्चिती मात्र साधारण पाच मीटरच्या घेरात असते. त्यामुळे दर सेकंदाच्या नोंदीत पावलांइतकीच फोनची चाचपडही मोजली जाते. रेघ डावी-उजवीकडे डुलते आणि प्रत्येक डुलणे अंतरात मिळवले जाते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठातील पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली गणिताने आणि प्रत्यक्ष चालून दाखवून दिले की, या चुका कोणत्याही एका बाजूला झुकलेल्या नसल्या तरी मोजलेले अंतर सरासरीने वाढतेच. म्हणून तलावपाळीच्या बाकावर बसून भेळ खातानाही काही फोनमध्ये अंतर पुढे सरकते. त्यावर बेतलेले कॅलरीचे आकडेही मग फुगतात. वजन किंवा साखर आटोक्यात आणण्यासाठी रोज मोजून चालणाऱ्यांनी ते आकडे हात राखूनच घ्यावेत.

फार विरळ नोंदही बरी नाही. येऊरच्या वळणदार रस्त्यावर मिनिटाला एकच बिंदू घेतला तर रेघ वळणे कापत जाते आणि अंतर घटते. डोंगरात चालताना पाच सेकंद किंवा दर पाच-दहा मीटरला एक बिंदू हे जमणारे प्रमाण. सायकलवर सेकंदाला सहा-सात मीटर सरकणाऱ्याने दर एक-दोन सेकंदांनी घेतला तरी चालतो.

हे सगळे हौसेपुरते असते तर सोडून देता आले असते. पण जुलै-ऑगस्टमध्ये माहुलीवर किंवा मुरबाडकडच्या सिद्धगडावर दुपारीच ढग उतरतात, चार पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा व माणसांच्या वाटा सारख्याच दिसू लागतात. तेव्हा आलेल्या पावली परत जायला सकाळची रेघ हा मोठा आधार असतो. ती मध्येच तुटलेली असेल तर सरळ रेषा माणसाला कड्यावरही नेऊ शकते. आणि मदत मागायची तर फोन जिवंत हवा. वाट चुकलेल्यांच्या शोधाला गावकरी आणि गिर्यारोहकांची बचाव पथके धावतात, पण ‘आम्ही नेमके इथे आहोत’ हे ११२ क्रमांकावर सांगता आले तर शोध फार आटोपशीर होतो.

बॅटरी सर्वांत जास्त खातो तो पडदा. दरीत टॉवर हुडकणारा मोबाइलचा रेडिओही बरीच खातो, हे मात्र अनेकांना माहीत नसते. सिग्नल क्षीण झाला की फोन अधिक जोर लावून शोधत राहतो. म्हणून आसनगाव स्टेशनवर नेट चालू असतानाच ॲप सुरू करावे. उपग्रहांची माहिती नेटवरून काही सेकंदांत मिळते, नाहीतर ती प्रत्यक्ष उपग्रहाकडून उतरवून घ्यायला अर्धा मिनिट तरी लागतो. परिसराचा नकाशाही तिथेच उतरवून घ्यावा. मग जंगलात शिरताना फ्लाइट मोड. सध्याच्या बहुतेक फोनमध्ये तो चालू असतानाही जीपीएस चालते. घरच्यांचा फोन लागणार नाही, एवढे मात्र आधी सांगून ठेवायला हवे, नाहीतर डोंबिवलीत काळजीने घर डोक्यावर घेतले जाते. माथ्यावर पोचल्यावर पाच मिनिटे नेटवर्क चालू करून खुशाली कळवता येते. ग्रुपमधल्या एकाने दाट नोंद ठेवावी, दुसऱ्याने विरळ, आणि तिसऱ्याचा फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून द्यावा.

आणि परतताना आसनगाव स्टेशनवर आठवणीने ‘स्टॉप’ दाबावे. ते विसरले की रेघ लोकलमध्ये बसून टिटवाळा, कल्याणमार्गे डोंबिवलीपर्यंत येते आणि माहुलीच्या ट्रेकचा कमाल वेग ताशी ऐंशी किलोमीटर दिसतो.